‘सगळं शाकाहारी ठेवलं की झालं ना?’ : सर्वधर्मीय पंगतीचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका संस्थेचं स्नेहभोजन आहे, माणसं ऐंशी. त्यांत काही जैन कुटुंबं, मुसलमान, बेने इस्रायल ज्यू जोडपं, कॅथलिक आणि केरळी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दोन बौद्ध भिक्खू, एक अमृतधारी (दीक्षा घेतलेला) शीख आणि बरेच माळकरी. शनिवारी दुपारी एक वाजता बसायचं ठरलंय. कांदा-लसूण नसलेलं शाकाहारी जेवण ठेवलं तर कुणाचीच अडचण नाही ना? आणि एखादा मांसाहारी पदार्थ ठेवायचाच झाला तर कोणता?

अडचण आहे, आणि ती ताटात येण्याआधी तुमच्या निमंत्रणपत्रिकेत आली आहे. शनिवारी दुपारी एक ही वेळ ज्यू जोडप्याला आणि दोन्ही भिक्खूंना मुळातच चालण्यासारखी नाही. आपल्याकडे सगळे फक्त ‘काय शिजवायचं’ एवढंच विचारतात. धर्मांचे नियम मात्र चार अंगांनी येतात: काय, कशात, केव्हा आणि कोणाच्या हातून. ‘काय’ हा त्यातला सोपा भाग. पंगत बिघडते ती उरलेल्या तिघांमुळे.

म्हणून आधी ‘केव्हा’. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्यावर संपतो. तेवढ्या वेळात विस्तव पेटवायचा नाही, शिजवायचं नाही, काटेकोर पाळणारे वाहनातही बसत नाहीत. कोकणात बेने इस्रायलांना ‘शनिवार तेली’ म्हणत ते याचमुळे: शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आजचं प्रत्येक घर इतकं कडक असेलच असं नाही, पण ते त्यांनी सांगायचं, आपण गृहीत धरायचं नाही. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज असते, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शुक्रवार कॅथलिकांना मांसाविना काढायचे असतात. रविवारी सकाळचा मिस्सा उरकतो आणि दुपार मोकळी मिळते. तेव्हा रविवार घ्या.

वेळही बदला. भिक्खूंना विनयाच्या, म्हणजे त्यांच्या आचारसंहितेच्या, नियमाने माध्यान्हीनंतर जेवता येत नाही. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ पुण्यात घड्याळाच्या बाराच्या पुढे, ऋतूप्रमाणे साधारण १२:१८ ते १२:४९च्या दरम्यान असते, पण त्या बारकाव्यात जाऊ नका, घड्याळाचे बारा हीच हद्द धरा. त्यांचं भोजनदान ११ला सुरू करा म्हणजे पावणेबाराला निवांत उरकतं. बाकीची पंगत साडेबाराला बसू दे. बारानंतर भिक्खूंना गाळलेला फळांचा रस किंवा बिनदुधाचा चहा देता येतो. दूध घातलेला चहा आणि दोन बिस्किटं पुढे केलीत तर तुम्ही त्यांना अवघडात टाकता.

तारीख ठरवताना पंचांगात एकादशी नाही ना, जैनांचं पर्युषण किंवा दशलक्षण पर्व नाही ना आणि रमजान नाही ना, हे पाहा. रमजानात दुपारऐवजी इफ्तारच ठेवू, ही सूचना हमखास येते. ऐकू नका. सूर्यास्ताला रोजा सुटतो आणि त्याच क्षणी चोविहार पाळणाऱ्या जैनांचं अन्नपाणी बंद होतं. एकाचं ताट मांडलं जातं तेव्हा दुसऱ्याचं उचललेलं असतं. स्वतंत्रपणे इफ्तार करणार असाल तर वेळापत्रक आपल्याच शहराचं घ्या. नागपूरचा सूर्यास्त मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी होतो. मुंबईत बसून नागपूरच्या वेळेला खजूर तोंडात टाकला तर दिवसभराचा रोजा गेला.

एकादशीच्या दिवशी ‘उपासाचं ठेवू, ते सर्वांनाच चालेल’ ही दुसरी फसवी कल्पना. बटाटा, रताळं, शेंगदाणे, साबुदाणा हे आपलं उपासाचं ताट, आणि त्यातले पहिले दोन जैनांना पूर्ण वर्ज्य. साबुदाण्यावर जैनांतही एकमत नाही. (गंमत अशी की बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद ही सगळी अमेरिकेतून आलेली मंडळी. आपल्या उपासाच्या ताटात ती इतकी जुनी होऊन बसलीत की गहू-तांदूळच परके वाटावेत.)

आता ‘काय’. इथे सर्वांत जास्त चुका जैन स्वयंपाकात होतात, कारण आचारी ‘जैन म्हणजे कांदा-लसूण-बटाटा नाही’ एवढ्यावर थांबतो. कंदमुळात गाजर, मुळा, बीट, सुरण, ओलं आलं, ओली हळद हे सगळं येतं. एका कंदात अनंत जीव राहतात ही त्यामागची धारणा, म्हणून त्याला अनंतकाय म्हणतात. सुंठ आणि वाळलेली हळद चालते, कारण वाळल्यावर ती निर्जीव झाली. शेंगदाणा जमिनीखाली येतो, पण तो कंद नाही, शेंग आहे. बहुतेक जैन खातात. मोड आलेलं कडधान्य मात्र बरेच जण टाळतात, कारण फुटणारा कोंबही अनंतकायात धरतात. म्हणजे मराठी पंगतीतली मटकीची उसळ कांदा-लसूण न घालताही बाद. भिजवलेली पण मोड न आलेली चवळी किंवा वाटाणा घ्या. वांगं, अंजीर, मध, अळंबी नको. फ्लॉवर आणि कोबी अळ्यांमुळे नको, आणि इथे जैन आणि ज्यू एकाच भाजीवर काट मारतात: जैनांना त्या किड्याचा जीव जायला नको, ज्यूंना तो किडा पोटात जायला नको. चातुर्मासात पालेभाजी अजिबात ठेवू नका. पाव किंवा आदल्या दिवशीची पोळीही नको. ओलसर पदार्थ रात्रभर राहिला की तो वासी.

ज्याने भले भले आचारी फसतात तो नियम द्विदलाचा. ज्या धान्याचे दोन दळ होतात आणि ज्यातून तेल निघत नाही (तूर, मूग, चणा, उडीद, मेथीदाणासुद्धा), ते न तापवलेल्या दूध-दही-ताकात मिसळायचं नाही. शेंगदाण्याचेही दोन दळ होतात, पण तेल निघतं म्हणून तो यातून सुटला. दहीवडा बाद हे लगेच लक्षात येतं. कढी बाद होते हे येत नाही. आपण थंड ताकात बेसन कालवतो आणि मग भांडं आचेवर ठेवतो. कालवलं तिथेच नियम मोडला, नंतर कितीही उकळा. कढी करायचीच तर ताकाला लिटरमागे दोन चमचे तांदळाची पिठी लावा, मंद आचेवर सतत ढवळत चांगलं तापवा आणि मग पाण्यात कालवलेलं बेसन त्यात सोडा. पिठी नसेल तर नुसतं ताक तापताना फुटतं. म्हणूनच आचारी जुन्या सवयीवर जातो. आणखी एक: तूरडाळीच्या वरणाशेजारी कच्च्या ताकाचा मठ्ठा वाढलात तर कडक पाळणारा माणूस दोन्ही एका ताटात घेणार नाही. मठ्ठा काढा, सोलकढी ठेवा. पिण्याचं पाणी त्यांच्यासाठी उकळून, गाळून, वेगळ्या झाकणाच्या पिंपात.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दूध, मध आणि लाख (चकाकीसाठी लावतात ती) हे शाकाहारीच धरलेत, आणि कांद्या-लसणाचा तर त्या ठिपक्याशी काही संबंधच नाही. पनीर घरी लिंबाने फाडलेलं ठीक. चीज घेतलंत तर ते विरजण्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरलंय का, हा प्रश्न जैन, माळकरी आणि ज्यू तिघेही विचारू शकतात. जेलीतलं जिलेटिन, लाल रंगासाठीचं किड्यापासून केलेलं कार्माइन, अल्कोहोलात उतरवलेला व्हॅनिलाचा अर्क (हा मुसलमानांसाठी): या सगळ्यांवर साधा उपाय म्हणजे डबाबंद काहीही न वापरणं.

हिंगाचं सांगून ठेवतो. कांद्याऐवजी हिंग हा आपला नेहमीचा तोडगा. भिक्खू महाराष्ट्रातले किंवा श्रीलंका-थायलंडच्या परंपरेतले असतील तर प्रश्न नाही. पण चीन, तैवान, व्हिएतनामकडचे असतील तर त्यांच्या पाच उग्र वर्ज्यांत लसूण-कांद्याच्या जातींबरोबर हिंगही आहे. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरणावर नंतर घाला, म्हणजे त्यांचं वरण आधी काढून ठेवता येतं.

‘कशात’ हा प्रश्न मुख्यतः ज्यू पाहुण्यांचा. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस’ ही आज्ञा तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात तीनदा येते. त्यातून मांस आणि दूध यांची भांडी, ताटं, चमचे पूर्ण वेगळे झाले. एरवी मटण शिजणाऱ्या हॉलच्या पातेल्यात केलेलं वरण शाकाहारी असेल, पण कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारं, नव्हे. धातूचं पातेलं शुद्ध करता येतं: आधी चोवीस तास न वापरता ठेवायचं, मग काठोकाठ पाणी भरून खळाळून उकळायचं. मातीचं भांडं असं शुद्ध होत नाही. तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे मांस कधी न शिजलेल्या स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी मागवणं. जैनांनाही तेच हवं असतं. ताटांचा प्रश्न केळीचं पान सोडवतं. पानाला मागचा इतिहास नसतो.

‘कोणाच्या हातून’ याचा एक छोटा नियम इथेच येतो. काटेकोर कोशर पाळणाऱ्याला शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागावा असं वाटतं. अनेकांना त्याने शेगडी पेटवली तरी पुरतं. पाहुण्यांना आधी विचारा आणि हवं असेल तर सकाळी पहिली काडी त्यांना ओढू द्या. त्यांना तरीही संकोच वाटत असेल तर अखंड फळं आणि मलिदा हा उत्तम पर्याय. मलिदा त्यांच्याच घरचा: एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने नवस फेडताना करतात. अर्धा किलो पोहे भिजवून निथळायचे, त्यात पाव किलो किसलेला गूळ, दीड नारळाचा चव, वेलदोडा, बदाम-मनुका. पोहे पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा होतो. चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवले की पुरे. भोवती फळं मांडतात, कारण प्रत्येक प्रकारावर वेगळा आशीर्वाद म्हणायचा असतो. झाडाच्या फळाचा एक, जमिनीतून येणाऱ्याचा दुसरा. केळं दुसऱ्यात जातं, कारण केळीचं खोड ते झाड धरत नाहीत. हे ताट त्यांना मांडू द्या, आपण फक्त सामान द्या.

‘कोणाच्या हातून’चा मोठा भाग भिक्खूंचा आहे, आणि बुफे तिथे साफ निरुपयोगी ठरतो. भिक्खू स्वतःहून अन्न उचलून घेत नाही. ते कुणीतरी हाताच्या टप्प्यात येऊन त्यांच्या हातात किंवा पात्रात द्यावं लागतं. पाण्याव्यतिरिक्त तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट अशी दिली पाहिजे, मिठाची वाटीसुद्धा. पदार्थ टेबलावर मांडून ‘भन्ते, घ्या ना’ म्हणत राहिलात तर ते शांतपणे बसून राहतील आणि बारा वाजून जातील. दोन माणसं फक्त या कामाला लावा. दिल्यावर भांडं पुन्हा आपण हलवायचं नाही. हललं तर पुन्हा द्यायचं. फळांत रुजणारी बी असेल तर आणखी एक पायरी: भिक्खू म्हणतात ‘कप्पियं करोहि’ (हे खाण्याजोगं कर), देणाऱ्याने त्या फळाला सुरीचं टोक लावून ‘कप्पियं भन्ते’ म्हणायचं. एकमेकाला टेकलेल्या ढिगातल्या एका फळाला चीर पुरते. बिया काढलेलं कलिंगड दिलं तर हा प्रश्नच उरत नाही.

नैवेद्याबद्दल आयोजक बोलत नाहीत आणि आचारी विचारत नाही. बहुतेक मराठी स्वयंपाकघरात पहिलं ताट देवाला जातं. तो नैवेद्य नंतर मोठ्या पातेल्यात मिसळला तर अनेक मुसलमान, काही ख्रिस्ती आणि ज्यू पाहुणे ते अन्न खाणार नाहीत. अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने वाहिलेलं नको, हे कुराणात आहे. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाची चर्चा करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे. उलट काही वैष्णव नैवेद्य दाखवल्याशिवाय घासच घेत नाहीत. दोघांनाही एकाच उपायाने सांभाळता येतं: चव न घेता पहिल्यांदा एका छोट्या डब्यात अन्न काढा, त्याचाच नैवेद्य दाखवा आणि तो ज्यांना हवा त्यांनाच वाढा. मोठ्या पातेल्यात परत ओतू नका. आचाऱ्याला हे आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी सांगितलं तर त्याला ते अपमानासारखं वाटतं.

मांसाहाराचं उत्तर: मटण-चिकन ठेवू नका. ते सर्वांना चालेल असं करताच येत नाही. मुसलमान पाहुण्याला हलाल हवं. अमृतधारी शिखाला नेमकं तेच, म्हणजे कुठ्ठा, वर्ज्य आहे. शिखांच्या चार बज्जर कुरहितींतली, म्हणजे सर्वांत मोठ्या मनाईंतली, ती एक. (तंबाखू ही दुसरी, म्हणून जेवणानंतर तंबाखूची पानं ठेवू नका, बडीशेप पुरे.) झटका (एका घावात मारलेलं) आणलात तर मुसलमान उठतो. ज्यूंना दोन्ही चालत नाही: वध त्यांच्या पद्धतीचा हवा, मांस अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात ठेवून तीनदा धुतलेलं हवं. सर्वांत जास्त जणांना चालणारा मांसाहारी पदार्थ म्हणजे मासा, कारण त्याला वधाचा विधीच नाही. पण तो खवल्यांचा आणि परांचा हवा, तरच कोशर: रावस किंवा रोहू. मुशी, वाम, कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या नकोत. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई पंथाचे, त्यांना शिंपले चालतात, हनफी पंथाच्या मुसलमानांना नाहीत. खवल्यांच्या माशावर दोघांचंही एकमत आहे. मासा अख्खा आणा आणि तुकड्यावर थोडी खवल्यांची कातडी राहू द्या, म्हणजे ज्यू पाहुण्याला विचारावं लागत नाही, दिसतं. तेल नवं, कढई नवी, चूल मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, वाढपी वेगळा. एवढं करायची तयारी नसेल तर मासाही सोडून द्या. ऐंशी जणांच्या पंगतीत मी सोडूनच द्या म्हणेन.

तेव्हा बेत असा. साधा भात (तांदूळ ६ किलो), तूरडाळीचं वरण (३ किलो, फोडणी वेगळी), कच्च्या केळ्यांची भाजी (सालीसकट १२ किलो, म्हणजे साधारण माणशी एक केळं), दुधी-चणाडाळ (दुधी ८ किलो, डाळ पाऊण किलो), मोड न आलेल्या चवळीची आमटी (३ किलो), काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून आणि दह्याविना, त्याच दिवशीच्या पोळ्या, सोलकढी, खीर. सगळं तेलात करा आणि तूप वाटीत वेगळं ठेवा. केरळी ऑर्थोडॉक्स पाहुणे मोठ्या उपवासाच्या पन्नास दिवसांत असतील तर त्यांना मांस-मासे-अंड्यांबरोबर दूध-तूपही वर्ज्य असतं; तूप वर वाढायचं ठेवलं की त्यांचं वेगळं काही करावं लागत नाही. कच्ची केळी चिरल्याबरोबर ताकात टाकायची सवय असते, कारण ती काळी पडतात. इथे आमसुलाच्या पाण्यात टाका.

सोलकढी माणशी दीडशे मिलिलिटर धरली तर १२ लिटर: २० नारळ, सहाशे ग्रॅम आमसुलं, जिरं, हिरवी मिरची, लसूण नाही. खिरीला कण्या १ किलो, गूळ अडीच किलो, १२ नारळ. कण्या पाण्यात शिजवून गूळ विरघळवा, आच बंद करा, हात लावून सोसेल इतकी निवली की मगच नारळाचं दाट दूध घाला. उकळत्या गुळात दूध ओतलं की ते फुटतं, आणि फुटलेलं झाकायला आचारी साधं दूध घालतो. मग तुमचा बिनदुधाचा हिशेब तिथेच संपला.

क्रम सांभाळा: ७ वाजता शेगडी, ९ला नैवेद्याचा डबा, साडेदहापर्यंत भिक्खूंचं पूर्ण ताट तयार, ११ला भोजनदान, साडेबाराला पंगत. जुहरच्या (दुपारच्या) नमाजसाठी एक स्वच्छ खोली आणि वुजूसाठी, म्हणजे त्याआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी, नळ मोकळा ठेवा; आपल्याकडून किब्ला (मक्केची दिशा) पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. पदार्थांपुढे ‘जैन’, ‘हलाल’ असल्या पाट्या लावू नका, त्या कुणीतरी खोट्या पाडतो. घटक लिहा: ‘कच्ची केळी, खोबरं, मिरची, सुंठ, तेल’. वाचून ज्याचं तो ठरवेल.

आणि ऐन वेळी गोड कमी पडेल म्हणून मिठाईच्या दुकानात कुणाला पिटाळू नका. चांदीचा वर्ख पूर्वी बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून ठोकत. २०१६च्या नियमांनी प्राणिजन्य साधन वापरायला मनाई केली होती, पण समोरच्या पेढ्यावरचा वर्ख कशात ठोकलाय हे दुकानदारालाही सांगता येत नाही. आणायचंच तर बिनवर्खाचं आणा.